सुतकाबाहेरचा शोक

कोणाच्या मृत्यूचा शोक कोणी आणि किती दिवस पाळावयाचा, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनी केवळ भावनेवर सोपविला नाही. त्यांनी त्याचा रीतसर हिशेब मांडला. सपिंडाचे दहा दिवस, समानोदकाचे तीन, अशा मुदती रक्ताच्या नात्याच्या जवळदूरपणावरून ठरवून झाल्यावर, ज्यांच्याशी रक्ताचा संबंध पोचत नाही अशांचाही विचार त्यांनी केलेला आढळतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आचार्यासाठी तीन रात्रींचे अशौच सांगितले आहे. शिष्य आणि ऋत्विज यांच्यासाठी त्याहून थोडे कमी सांगितले आहे. आणि ज्याच्या राज्यात आपण राहतो तो राजाच निवर्तला तर, दिवसा गेला असल्यास सूर्य मावळेपर्यंत आणि रात्री गेला असल्यास तारे मावळेपर्यंत, प्रजाजनाने अशौच पाळावे असा दंडक घालून दिला आहे. या व्यवस्थेच्या मुळाशी असलेला विचार सूक्ष्म आहे. ज्याने आपली घडण केली, ज्याच्या अमलाखाली आपले आयुष्य गेले, त्याच्या मरणाशी आपला संबंध पोचतो. मग त्याच्या उंबरठ्याला आपले पाय कधी लागलेले नसले तरी चालेल.

विसाव्या शतकाने मात्र असे एक नाते निर्माण केले, की ज्याची नोंद कोणत्याही स्मृतिकाराच्या दप्तरात सापडणार नाही. लिव्हरपूलच्या, मेम्फिसच्या किंवा मुंबईच्या एखाद्या खोलीत पंधरा वर्षांचा मुलगा रात्री दार लावून एक आवाज ऐकतो. त्या आवाजाच्या संगतीने त्याची पहिली प्रेमे जमतात आणि मोडतात, वडिलांशी भांडणे होतात, परीक्षा होतात, नोकरी लागते. आणि चाळीस वर्षांनी एका सकाळी तो आवाज ज्याचा, तो माणूस गेल्याची वार्ता येते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. परंतु त्याच्या घरी कोणी समाचाराला येत नाही, कचेरीत रजेचा अर्ज करता येत नाही, आणि एकंदर काय झाले आहे हे बायकामुलांना समजावून सांगणेही त्याला अवघड जाते. पॉप आणि रॉक संगीतकारांसाठी त्यांच्या श्रोत्यांनी केलेला हा शोक प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे. या शोकाला आरंभी कसलाही विधी नव्हता. धर्मपीठाने तो दिला नाही, राजसत्तेनेही दिला नाही. श्रोत्यांनी तो स्वतः, पाहता पाहता, एका पिढीच्या हयातीत घडविला. त्याच्या घडणीचा वृत्तांत पाहण्याजोगा आहे.

एकतर्फी परिचय

हे नाते जुळले ते यंत्रांमुळे. १९४८ साली दीर्घ वादनाची तबकडी आली, १९४९ साली पंचेचाळीस फेऱ्यांची लहान व स्वस्त तबकडी आली, आणि १९५४ साली अमेरिकेत पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात विक्रीस आला. तोवर रेडिओ हे दिवाणखान्यातील, म्हणजे वडिलांच्या ताब्यातील, यंत्र होते. आता ते उशाखाली मावू लागले. घरातील वडीलधाऱ्यांना मान्य नसलेला आवाज त्यांच्याच छपराखाली, त्यांना ऐकू न जाता, मुलांच्या कानाशी बोलू लागला. ध्वनिक्षेपकामुळे गायकाला आता प्रेक्षागृहाच्या अखेरच्या रांगेपर्यंत स्वर फेकावा लागत नव्हता. तो हलक्या आवाजात, जणू एकाच माणसाशी बोलावे तसा, गाऊ शकत होता.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ साली या प्रकाराचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर नित्य भेटणाऱ्या व्यक्तींविषयी प्रेक्षकाच्या मनात खऱ्या परिचयासारखा परिचय उत्पन्न होतो; प्रेक्षक त्या व्यक्तीच्या लकबी, आवडीनिवडी, विनोद ओळखू लागतो; आणि हा परिचय सर्वस्वी एकतर्फी असला तरी त्यातील जिव्हाळा खोटा नसतो, असे त्यांचे निरीक्षण होते. मुंबईतील श्रोत्यालाही हा अनुभव नवा नव्हता. रेडिओ सिलोनवरून येणारी इंग्रजी गाणी आणि काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमधील तबकड्या, एवढ्या सामग्रीवर दादर-वांद्र्यापासून मडगाव-पणजीपर्यंतच्या कित्येक मुलांनी साता समुद्रांपलीकडच्या माणसांशी आपली नाती जुळविली होती.

मरण आले, विधी नव्हता

अशा नात्यातील माणूस मेल्यावर काय करावे, हे प्रारंभी कोणालाच ठाऊक नव्हते. ३ फेब्रुवारी १९५९ च्या पहाटे आयोवा संस्थानातील क्लिअर लेक गावाजवळ एक लहान विमान शेतात कोसळले आणि बडी हॉली, रिची व्हॅलेन्स व जे. पी. रिचर्डसन हे तीन गायक वैमानिकासह मृत्यू पावले. हॉली बावीस वर्षांचा होता आणि व्हॅलेन्स अवघा सतरा. त्यांचा दौरा चालू होता, आणि त्याच संध्याकाळी मिनेसोटातील मूरहेड गावी त्यांचा पुढचा कार्यक्रम ठरलेला होता. तो कार्यक्रम रहित झाला नाही. उरलेले वादक गेले, रिकाम्या जागी स्थानिक मुले उभी केली गेली, त्यांत पंधरा वर्षांचा बॉबी व्ही नावाचा एक शाळकरी मुलगा होता. आणि कार्यक्रम पार पडला. एका रात्रीचेही सूतक कोणी पाळले नाही, कारण ते पाळावयाचे असते हे कोणाच्या मनात आले नव्हते. ज्या बॉलरूममध्ये हे गायक अखेरचे गायले तेथे दरवर्षी स्मृतिसोहळा भरू लागला तो वीस वर्षांनी, १९७९ साली. आणि ज्या शेतात विमान पडले तेथे पोलादी गिटार व तीन तबकड्यांचे स्मारक उभे राहिले तेही १९८८ साली. तोवर त्या वेळची मुले चाळिशी ओलांडून गेली होती.

मधल्या काळात मेम्फिसची घटना घडली. १६ ऑगस्ट १९७७ रोजी एल्विस प्रेस्ली आपल्या ग्रेसलँड या निवासस्थानी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मरण पावला. वार्ता पसरताच फाटकाबाहेर गर्दी जमू लागली. दुसऱ्या दिवशी पार्थिव दर्शनासाठी ठेवले गेले तेव्हा हजारो माणसे तासन् तास उन्हात उभी राहिली, काही मूर्च्छित पडली. आणि त्या रात्री फाटकाबाहेर थांबलेल्या दोन तरुणींचा भरधाव मोटारीखाली सापडून अंत झाला. टेनेसीच्या गव्हर्नरने निशाणे अर्ध्यावर उतरविण्याचा हुकूम दिला. इतमाम राजाचा होता, परंतु तो कसा पाळावयाचा याची वहिवाट नव्हती, म्हणून त्या पहिल्या दिवसांत शोकाचे रूप पुष्कळसे झुंडीचे होते. पार्थिव प्रथम फॉरेस्ट हिल दफनभूमीत ठेवले होते. पण ते पळविण्याचा प्रयत्न झाल्याने ऑक्टोबरात ग्रेसलँडच्याच बागेत आणावे लागले.

झुंडीतून विधी कसा आकारास येतो, हे मात्र त्याच जागी पुढे पाहावयास मिळते. दरवर्षी १५ ऑगस्टच्या रात्री ग्रेसलँडच्या फाटकातून माणसांची एक रांग आत शिरते. प्रत्येकाच्या हाती एक मेणबत्ती असते, आणि तिला समाधीवरून आणलेल्या ज्योतीने पेटविलेले असते. चढणीचा वळणदार रस्ता चढून, समाधीपाशी क्षणभर थांबून, माणसे दुसऱ्या बाजूने खाली येतात. बोलणे हलके असते. रांग अनेकदा पहाटेपर्यंत संपत नाही. ज्यांनी ही रीत सुरू केली ते आता वृद्ध झाले किंवा गेले. त्यांच्या मागे त्यांची मुले, आणि मुलांच्या मागे नातवंडे रांगेत उभी राहतात. कोणत्याही धर्मग्रंथात न सांगितलेली ही यात्रा, काळवेळ, क्रम आणि आचार या सर्व अंगांनी पूर्ण अशी यात्रा आहे.

दहा मिनिटे

जॉन लेननचा मृत्यू याहून निराळ्या प्रकारचा होता. तो खून होता. ८ डिसेंबर १९८० च्या रात्री न्यूयॉर्क येथे डकोटा या इमारतीच्या दारातच त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तो चाळीस वर्षांचा होता. पाच वर्षांच्या विरामानंतर त्याचा गाण्यांचा नवा संग्रह बाहेर पडून तीनच आठवडे झाले होते. अंत्यसंस्काराचा जाहीर समारंभ होणार नाही असे त्याच्या पत्नीने, योको ओनो यांनी, कळविले, आणि त्याऐवजी एकच विनंती केली: १४ डिसेंबर, रविवार, न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे दुपारी दोन वाजता, ज्याला जेथे असेल तेथे दहा मिनिटे स्तब्ध राहावे. सेंट्रल पार्कमध्ये अफाट जनसमुदाय जमला. लिव्हरपूलमध्येही हजारो माणसे एकत्र आली. आणि अनेक रेडिओ केंद्रांनी, ज्यांचा सारा व्यवसायच आवाजावर चालतो त्यांनी, दहा मिनिटे आपले प्रक्षेपण बंद ठेवले.

या कल्पनेचे मर्म पाहावे. ज्यांना एकमेकांची नावे ठाऊक नाहीत, भाषा ठाऊक नाही, अशा माणसांना शोकासाठी एक समान वेळ मिळाली. मृताच्या देहापासून शोक मोकळा झाला. स्मशानाची, चर्चची किंवा समाधीची त्याला गरज उरली नाही. पुढे ९ ऑक्टोबर १९८५ रोजी, लेननच्या पंचेचाळिसाव्या जन्मदिनी, सेंट्रल पार्कचा एक भाग स्ट्रॉबेरी फील्ड्स या नावाने त्याच्या स्मृतीस अर्पण झाला. तेथील काळ्या-पांढऱ्या दगडांचे वर्तुळ नेपल्स शहराने भेट दिलेले आहे. त्यावर फुले मांडावयाची, भोवती बसून गिटारवर त्याची गाणी म्हणावयाची, अनोळखी माणसानेही त्यात सूर मिसळावयाचा, हा रिवाज कोणी हुकूम काढून घातला नाही. तो आपोआप पडला.

पाचगणीचा विद्यार्थी

महाराष्ट्राचा या कहाणीशी खरा आणि थेट संबंध येतो तो फ्रेडी मर्क्युरीच्या निमित्ताने. त्याचे मूळ नाव फारूख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांजिबारचा. वडील तेथील सरकारी नोकरीत. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवण्यात आले. मुंबईत आजी आणि मावशी होत्या, सुट्ट्या त्यांच्याकडे जात. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला पाचगणीतच मिळाले, पियानोचे शिक्षण तेथेच झाले, आणि ‘हेक्टिक्स’ या नावाचा शाळकरी मुलांचा वाद्यवृंदही तेथेच निघाला, ज्यात तो पियानो वाजवीत असे. १९६४ च्या झांजिबार क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडास गेले, आणि पुढे क्वीन या वाद्यवृंदाचा गायक म्हणून त्याची कीर्ती झाली.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याच्या वतीने, आपल्याला एड्स झाल्याचे निवेदन प्रसिद्ध करण्यात आले; दुसऱ्याच दिवशी सायंकाळी, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. त्यानंतरच्या काही दिवसांत लंडनमध्ये शोकाचे दोन विधी शेजारी शेजारी पार पडले. एक घरचा होता. २७ नोव्हेंबर रोजी कुटुंबीय आणि निवडक स्नेही यांच्या उपस्थितीत, मोबेदांनी, म्हणजे पारशी धर्मगुरूंनी, अवेस्ता भाषेतील प्रार्थना म्हटल्या, आणि पश्चिम लंडनच्या दाहगृहात अंत्यसंस्कार झाला. हजारो वर्षे ज्यांचे शब्द बदललेले नाहीत अशा त्या प्रार्थना होत्या. दुसरा विधी दाराबाहेर चालला होता. केन्सिंग्टनच्या लोगन प्लेसमध्ये त्याच्या बंगल्याच्या कुंपणाची उंच विटांची भिंत आहे. तिच्यावर आणि हिरव्या दारावर पोरापोरींनी पत्रे चिकटविली, शाईने मजकूर लिहिला, खाली फुलांचा ढीग रचला. लॅटिन अमेरिकेतून, जपानमधून, युरोपच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे पुढेही वर्षानुवर्षे त्या भिंतीवर लिहीत राहिली. अस्थी कोठे ठेवल्या हे त्याच्या इच्छेनुसार गुप्त ठेवले गेले. तेव्हा ज्यांना समाधी मिळाली नाही त्यांनी भिंतीलाच समाधी मानले.

पारशी समाजात मृत्यूच्या तिसऱ्या दिवशी दुपारनंतर उठमणा होतो, आणि त्या वेळी मृताच्या नावाने दानधर्म जाहीर करण्याची चाल आहे. क्वीनच्या श्रोत्यांना ही चाल ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्यांच्याकडून घडले ते तिच्याच जातीचे होते. त्या डिसेंबरात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे जुने गाणे पुन्हा विक्रीस काढण्यात आले, ते नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बली क्रीडांगणात स्मृतिमैफल झाली. कोण कोण गाणार हे जाहीर होण्यापूर्वीच बहात्तर हजार तिकिटे संपली होती. आणि त्या उत्पन्नातून एड्सविरोधी कार्यासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट स्थापन झाला. ज्या रोगाचे नाव उच्चारावयास कुटुंबे कचरत होती, त्याच्याविषयी भर मैदानात बोलले गेले. येथून पुढे स्मृतिमैफल आणि तिच्याबरोबरचे दान हा या शोकाचा जवळजवळ आवश्यक भाग होऊन बसला.

सिॲटलची कसोटी

शोकविधीला सामाजिक उपयोग असतो हे मानववंशशास्त्रज्ञ सांगतात. १९९४ च्या एप्रिलमध्ये सिॲटल शहराने त्याचा प्रत्यय घेतला. निर्व्हाना या वाद्यवृंदाचा सत्तावीस वर्षांचा गायक कर्ट कोबेन याने आत्महत्या केल्याचे ८ एप्रिलला उघडकीस आले. अधिकाऱ्यांना मोठी चिंता होती ती अनुकरणाची. गटेची वेर्थर ही कादंबरी १७७४ साली प्रसिद्ध झाली तेव्हापासून, प्रसिद्ध आत्महत्येचे अनुकरण तरुण करतात, असे भय युरोपला ग्रासून आहे. १० एप्रिलला सिॲटल सेंटर येथे जाहीर शोकसभा भरली. सुमारे सात हजार तरुण आले. आत्मघाताच्या विचारांनी पछाडलेल्यांना मदत करणाऱ्या स्थानिक संस्थेचाही त्या सभेत सहभाग होता. कोबेनची पत्नी कोर्टनी लव्ह हिचे ध्वनिमुद्रित बोलणे ऐकविण्यात आले. ते बोलणे गौरवपर नव्हते. त्यात रडणे होते, आणि सोडून गेलेल्या नवऱ्यावरचा उघड संताप होता. मृत्यूला वीरत्वाचे वलय चढण्यापूर्वीच त्यामागे राहिलेल्या माणसाचे हाल सर्वांसमोर आले. पुढे या प्रकरणाचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसून आले, की त्या परिसरात आत्महत्या अपेक्षेप्रमाणे वाढल्या नाहीत, मदत मागणारे दूरध्वनी मात्र पुष्कळ वाढले.

कोबेनच्या वयावरून एक लोकप्रवाद बळावला. ब्रायन जोन्स, जिमी हेन्ड्रिक्स, जॅनिस जोपलिन, जिम मॉरिसन हे १९६९ ते १९७१ या दोन वर्षांत, आणि पुढे २०११ साली एमी वाइनहाउस, सर्वच सत्ताविसाव्या वर्षी गेले. तेव्हा या वयावरच काही शाप आहे, असे बोलले जाऊ लागले. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये ज्यांचे संग्रह पहिल्या क्रमांकावर गेले अशा १,०४६ संगीतकारांची छाननी करण्यात आली. सत्ताविसाव्या वर्षी मृत्यूंची अशी कोणतीही विशेष उसळी आढळली नाही. मात्र विशी आणि तिशीत या मंडळींच्या मृत्यूचे प्रमाण सामान्य ब्रिटिश जनतेच्या दुपटी-तिपटीएवढे होते. धोका एका वयात नव्हता, तो त्या राहणीत होता.

हा शोक नक्की कोणासाठी

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे, कारण तो नेहमी काढला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. आक्षेप असा, की हा मृतासाठी केलेला शोकच नव्हे. माणूस गायकाच्या निमित्ताने आपल्या सरलेल्या तारुण्याला रडतो. मानसशास्त्राचा काही पुरावा या आक्षेपाच्या बाजूने आहे. डेव्हिड रुबिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की उतारवयातील माणसांना साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी, मधल्या वयातील आठवणींपेक्षा, ठळकपणे आणि अधिक संख्येने येतात. १९८९ साली मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी निरनिराळ्या वयांच्या माणसांना १९३२ ते १९८६ या काळातील अठ्ठावीस लोकप्रिय गाण्यांचे अंश ऐकविले आणि आवडीचा आलेख काढला. माणसाला सर्वांत प्रिय वाटणारे संगीत तो सुमारे साडेतेवीस वर्षांचा असताना लोकप्रिय असलेले असते, असा त्या आलेखाचा कळस निघाला. तेव्हा साठीच्या माणसाला त्याच्या विशीतील गायकाच्या मरणाने हादरा बसतो, यात नवल नाही. त्या गायकाच्या मरणाबरोबर त्याच्या आठवणींतील सर्वांत भरगच्च कप्प्याचा एक साक्षीदार जातो.

तरीही हे स्पष्टीकरण अपुरे आहे. कॅरल क्रमहान्झल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात विशीतील विद्यार्थ्यांना पाच दशकांतील गाणी ऐकविली गेली. स्वतःच्या काळातील गाण्यांशी त्यांचे नाते होते हे अपेक्षितच. पण १९८० च्या आसपासच्या, म्हणजे त्यांच्या आईवडिलांच्या तारुण्यातील, गाण्यांशीही त्यांच्या भावना गुंतलेल्या आढळल्या, आणि त्याहीमागे १९६० नंतरच्या दशकातील गाण्यांपाशी आणखी एक लहानसा उंचवटा दिसला. जे तारुण्य त्यांनी भोगलेच नाही त्यासाठी ही मुले रडत होती, असे म्हणता येणार नाही. त्यांना ती गाणी घरातून वारशाने मिळाली होती. वारसा ज्याच्याकडून पोचतो त्याच्याविषयीची कृतज्ञता हीच या शोकात मुख्य असली पाहिजे. तारुण्याची हुरहुर तिला येऊन मिळते, पण ती हुरहुर म्हणजेच सारा शोक नव्हे.

या शोकाचे दुःख आणखी एका कारणाने वाढते. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा शोकांचे वर्णन केले आहे, की जे करण्याचा हक्क समाज मान्य करीत नाही: घटस्फोटित जोडीदाराचा, न जन्मलेल्या मुलाचा, पाळीव प्राण्याचा. आप्त नाही, ओळख नाही, मग एवढे काय, असा प्रश्न भोवतालचे लोक विचारतात, आणि शोक करणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटू लागते. मेणबत्त्यांची रांग, दहा मिनिटांचे मौन, भिंतीवरचा मजकूर, या सर्वांनी माणसाला त्याचे दुःख हलके करून दिले असेल वा नसेल. पण ते बाळगण्याचा हक्क मात्र निश्चित मिळवून दिला, कारण आपल्यासारखेच आणखी हजारो आहेत हे तेथे डोळ्यांना दिसले.

सन २०१६

२०१६ हे वर्ष या दृष्टीने संस्मरणीय ठरले. ८ जानेवारीला डेव्हिड बोवीचा एकोणसत्तरावा वाढदिवस होता आणि त्याच दिवशी त्याचा ‘ब्लॅकस्टार’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. १० जानेवारीला तो कर्करोगाने गेला. आजाराची वाच्यता त्याने होऊ दिली नव्हती. त्यामुळे दोन दिवसांपूर्वी जी गाणी श्रोत्यांनी कोडी म्हणून ऐकली होती, ती आता निरोप म्हणून पुन्हा ऐकली गेली. देहाचा दहनविधी कोणत्याही समारंभाविना उरकण्यात आला. अस्थी बाली बेटावर बौद्ध विधीने विसर्जित कराव्यात, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. लोकांनी आपला समारंभ त्याच्या जन्मगावी, दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये, केला. स्टेशनसमोरील एका भिंतीवर, चेहऱ्यावर तांबडी-निळी वीज रंगविलेले त्याचे मोठे चित्र २०१३ पासून होते. ११ जानेवारीच्या संध्याकाळी तेथे फुले साचू लागली, जवळच्या रिट्झी चित्रपटगृहाच्या दर्शनी फलकावर चित्रपटांच्या नावांऐवजी ब्रिक्स्टनच्या या मुलाला निरोप देणारी अक्षरे लावण्यात आली, आणि रस्त्यावर जमलेल्या गर्दीने रात्री उशिरापर्यंत त्याची गाणी गायली. कोणी आयोजक नव्हता, व्यासपीठ नव्हते. तरी काय करावयाचे हे प्रत्येकाला माहीत होते. मूरहेडच्या त्या संध्याकाळपासून सत्तावन्न वर्षांत केवढे अंतर कापले गेले, हे येथे लक्षात यावे.

२१ एप्रिलला मिनेसोटातील पेझली पार्क येथे प्रिन्स गेला. फेन्टॅनिल या वेदनाशामकाची अनवधानाने झालेली अतिरिक्त मात्रा हे कारण पुढे निष्पन्न झाले. त्याच्या वास्तूभोवतीचे जाळीचे कुंपण जांभळ्या फुलांनी आणि फुग्यांनी झाकून गेले. त्याने मृत्युपत्र केलेले नव्हते, म्हणून वारसांचा आणि इस्टेटीचा निकाल लागावयास सहा वर्षे लागली. शोकाचा निकाल मिनियापोलिसच्या नागरिकांनी त्याच रात्री, फर्स्ट अव्हेन्यू या क्लबात पहाटेपर्यंत नाचून, लावला होता. नोव्हेंबरात लेनर्ड कोहेन गेला आणि नाताळच्या दिवशी जॉर्ज मायकल. हे वर्ष शापित आहे असे लोक म्हणू लागले. कारण शापाहून साधे होते. रॉक संगीताच्या पहिल्या दोन पिढ्यांतील बहुतेक मंडळी १९३५ ते १९५० च्या दरम्यान जन्मलेली. दूरचित्रवाणीच्या प्रसारामुळे जगभर ओळखल्या जाणाऱ्या माणसांची संख्या त्यांच्याच काळात अपूर्व वाढली. आणि आता ती सर्व माणसे एकदमच म्हातारी झाली आहेत. पूर्वी या क्षेत्रात मृत्यू येत तो अपघाताने, व्यसनाने, गोळीने येई. आता तो पुष्कळदा, बहुतेकांना जसा येतो तसा, वयोमानाने आणि दुखण्याने, येऊ लागला आहे. १९४० च्या दशकातील मंडळी येत्या पंधरा-वीस वर्षांत बहुतेक संपतील, हे अंकगणित टाळता येण्यासारखे नाही.

जिवंतपणीचा निरोप

वार्धक्याच्या मृत्यूला एक सोय असते. तो आधी कळतो. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क क्रीडांगणात, ज्या ॲस्टन वस्तीत तो लहानाचा मोठा झाला तिच्या अगदी जवळ, ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाचा गायक ऑझी ऑस्बोर्न अखेरचा गायला. पार्किन्सनच्या विकारामुळे त्याला उभे राहता येत नव्हते; काळ्या सिंहासनावर बसून तो गायला, आणि ब्लॅक सॅबथचे मूळ चार वादक वीस वर्षांनी एका मंचावर आले. त्याच्याकडून ही कला शिकलेल्या कित्येक वाद्यवृंदांनी आपापली हजेरी लावली. मिळकत पार्किन्सनच्या संशोधनासाठी आणि मुलांच्या रुग्णालयासाठी व शुश्रूषागृहासाठी होती. २२ जुलैला तो गेला. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून, पितळी वाद्यांच्या ताफ्यासह, ब्लॅक सॅबथचे नाव दिलेल्या पुलापर्यंत आली. तेथे कुटुंबीय खाली उतरले आणि लोकांनी वाहिलेली फुले व लिहिलेला मजकूर पाहत काही वेळ उभे राहिले. घरचा शोक आणि दाराबाहेरचा शोक, जे लंडनमध्ये १९९१ साली भिंतीच्या दोन बाजूंना राहिले होते, ते येथे एका रस्त्यावर भेटले.

गेल्या अर्धशतकात या विधीला त्याची अंगे एकेक करून मिळत गेली: मेम्फिसहून क्रम आणि ज्योत, न्यूयॉर्कहून समान वेळ, लंडनहून दान, सिॲटलहून मागे राहिलेल्यांची काळजी, ब्रिक्स्टनहून सर्वांनी मिळून गाणे. बर्मिंगहॅमने त्यात घातलेली भर मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण मृताला आपल्या शोकाची वार्ता लागत नाही, ही सर्व शोकांमधली उणीव तिने थोडीशी भरून काढली. त्या रात्री मैदानात असलेल्या माणसांना अडीच आठवड्यांनी रडावे लागलेच; परंतु त्यांचे आभार ज्याला पोचावयाचे होते त्याला, तो ऐकू शकत असताना, पोचले होते.